पुन्हा पाहिलेला भाग

वसई रोडहून डहाणूच्या बाजूस जाणाऱ्या गाडीत बसावे. विरार मागे पडते, वैतरणेचा पूल ओलांडला जातो, सफाळे, पालघर, बोईसर, डहाणू, घोलवड अशी स्थानके येतात आणि महाराष्ट्राची हद्द संपते न संपते तोच उंबरगाव रोडची पाटी दिसते. १९६० पर्यंत हा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. राज्ये वेगळी झाली तेव्हा तो गुजरातेत गेला. याच उंबरगावी रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण झाले. साऱ्या देशाला रविवारी सकाळी घरात बसविणारी अयोध्या आणि लंका आपल्यापासून रेल्वेच्या दोनेक तासांच्या वाटेवर उभी राहिली होती.

त्या मालिकेचे गुणदोष सांगणे हा आजचा विषय नव्हे. तिच्या निमित्ताने एका साध्या, पण पुष्कळांना अनुभवास आलेल्या गोष्टीचा उलगडा करावा, एवढाच हेतू आहे. एके काळी जीव ओवाळून टाकावा इतका आवडलेला एखादा भाग वर्षांनी पुन्हा पाहिला, तर तो मनातून का उतरतो? दोष कोणाचा? भागाचा, की आपला?

आधी हकीकत पाहू. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपले. आरंभी ५२ भागांची असलेली मालिका वाढत वाढत ७८ भागांची झाली. दर रविवारी सकाळी साडेनऊला एक भाग. पुढे २०२० साली करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने ती पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला. या वेळी रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला. १८ एप्रिलला मालिका आटोपली. १६ एप्रिलचा कार्यक्रम ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. हा जागतिक विक्रम आहे की नाही यावर वाद झाला. परंतु आकडा लहान नव्हता, हे खरे.

त्या कोट्यवधींत मीही होतो. इंद्रजिताच्या युद्धाचा भाग लहानपणी श्वास रोखून पाहिला होता, तोच पुन्हा पाहावयास मोठ्या हौसेने बसलो. आणि काय सांगावे! दोन बाण हवेतून सावकाश एकमेकांकडे येतात, भिडतात, ठिणगी उडते, पुन्हा दोन बाण येतात. मध्येच चेहरे, पुन्हा चेहरे, मग लांबलचक संवाद. दहा मिनिटांत माझी चुळबूळ सुरू झाली. “किती संथ आहे हे!” असे मी आईला म्हटलेसुद्धा. ती काही बोलली नाही.

या निराशेची कारणे शोधू लागलो, तेव्हा पहिले कारण स्मृतीच्या स्वभावात सापडले. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली स्मरणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी इंग्रज वाचकांना अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित कथा वाचावयास दिली आणि काही काळाने ती आठवून लिहावयास सांगितली. कथा प्रत्येक वेळी आखूड होत गेली. विचित्र वाटणारे तपशील गळाले आणि उरलेले वाचकांच्या ओळखीच्या साच्यात बसले. स्मरण म्हणजे कपाटातून जुनी वस्तू जशीच्या तशी काढणे नव्हे. दर वेळी ती नव्याने घडवावी लागते.

डॅनियल कानमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली याला आणखी एक जोड दिली. त्यांनी काही लोकांना गार पाण्यात एक मिनिट हात बुडवावयास लावले. दुसऱ्या खेपेस तेच एक मिनिट आणि वर आणखी अर्धा मिनिट. मात्र त्या अर्ध्या मिनिटात पाणी किंचित कमी गार केले. पुन्हा कोणती खेप घ्याल, असे विचारता बहुसंख्यांनी लांबलेली खेप पसंत केली. अनुभव किती वेळ चालला याचा हिशेब मन ठेवीत नाही. त्यातला तीव्र क्षण आणि शेवट तेवढा जपते. इंद्रजिताच्या भागातील लांबण मीही तीस वर्षांत केव्हाच टाकून दिली होती. मनात एक ठिणगी आणि एक शेवट एवढेच उरले होते. पडद्यावर मात्र सगळे मिनिटवार हजर होते.

दुसरे कारण प्रतीक्षेचे. मूळ मालिकेस दीड वर्ष लागले. पुनःप्रक्षेपण २२ दिवसांत संपले. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या प्रेक्षकाला मागचे आठवून द्यावे लागते, म्हणून पात्रे एकच गोष्ट पुनःपुन्हा बोलतात. सोडलेला बाण लागला की नाही, हे कळण्यासाठी आम्ही सहा दिवस शाळेत वाद घालीत असू. त्या सहा दिवसांत निम्मी लढाई आम्हीच लढत होतो. बारा तासांनी पुढचा भाग हाती आला, तर मुलांना लढावयास अवसर कोठून मिळणार?

तिसरे कारण यंत्राचे. आपल्याकडील जुने प्रक्षेपण ६२५ ओळींचे होते, आणि घरातील संच बेताच्या आकाराचा. त्या मऊ, किंचित पुसट चित्रात रंगविलेला पडदा आकाश म्हणून खपून जाई. आज भिंतीवरच्या रुंद, लख्ख पडद्यावर तेच चित्र ताणून लावले की चेहरे फुगतात आणि मुकुटाचा पुठ्ठा दिसू लागतो. एका यंत्रासाठी केलेली वस्तू दुसऱ्या यंत्रावर जोखली जाते. नाटकाची रंगभूषा आरसा धरून चार बोटांवरून पाहावी, तसाच हा प्रकार.

चौथे कारण सर्वांत मोठे, ते सोबतीचे. आमच्या आळीत त्या वेळी मोजक्याच घरी दूरदर्शन संच होता. रविवारी साडेनऊच्या आत आमच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडे. शेजारच्या ख्रिस्ती वाडीतील मंडळी सकाळची मिस्सा आटोपून येत, त्यांना पुढची जागा राखलेली असे. पडद्यावर मुंग्या आल्या की वडील शिडी लावून कौलांवर चढत आणि अँटिना फिरवीत. खालून सारे ओरडत, “आलं, आलं! गेलं! थोडं वरळीकडे!” २०२० साली प्रेक्षक कोट्यवधी होते, पण प्रत्येक दार आतून बंद होते. रोगाच्या भयाने शेजारी शेजाऱ्याकडे जात नव्हता. तेव्हा मी पडद्यावर जे शोधीत होतो, त्यातील बरेचसे त्या ओट्यावरचे होते.

भाग संपत आला तेव्हा आई म्हणाली, “तुझ्या बाबांनी हा भाग बघितलाच नव्हता रे. सगळा वेळ ते कौलांवर होते. खाली उतरले आणि विचारलं, काय झालं शेवटी?”

मला हे ठाऊक नव्हते. ज्या भागाची तीस वर्षे मी स्तुती करीत आलो, तो मला दिसावा म्हणून वडील उन्हात एक खांब धरून उभे होते. ते आता नाहीत. आई मात्र एकेक बाण लक्ष देऊन पाहत होती. मी गप्प बसलो आणि रात्रीच्या भागाला तिच्याआधी जाऊन बसलो.

त्याच दिवसांत रावणाची भूमिका केलेले अरविंद त्रिवेदी यांचे एक चित्रण पुष्कळांनी पाहिले असेल. वृद्ध त्रिवेदी घरी बसून सीताहरणाचा आपलाच प्रसंग पाहत होते आणि पाहता पाहता त्यांनी हात जोडले. त्यांना त्या बाणांची आणि मुकुटांची कृत्रिमता आपल्याहून अधिक ठाऊक होती. पुढे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी ते निवर्तले.

तात्पर्य, जुना भाग पुन्हा पाहून निराशा झाली, तर त्या वेळचे लोक भोळे होते असा निकाल लगेच देऊ नये, आणि आपली आठवण खोटी होती असे म्हणून खंतही करू नये. भाग कशासाठी, कोणत्या यंत्रासाठी आणि किती अवकाशाने पाहण्यासाठी घडविला होता, हे आधी विचारावे. शक्य तर तो एकट्याने पाहू नये. ज्यांच्यासह प्रथम पाहिला, त्यांपैकी जे कोणी उरले असेल, त्यांना बोलवावे. आणि भाग संपल्यावर पडद्याविषयी बोलण्याआधी त्यांना विचारावे की, त्या दिवशी तुम्ही कोठे होता?