बंदीत उभ्या गाडीचा ब्रेक ड्रम जाम झालाय?

बांधवांनो, १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत ट्रॉलर जेटीला लागतात, तशी मासळीची जुनी पिकअपही उभी राहते. बर्फाचं खारं पाणी मुरलेलं, त्यात पावसाळी हवा. मागचे ड्रम गंजून बसतात. मग घाईत कडेवर घण घालतात आणि ड्रम तडकतो. बिडाचा असतो तो!

आम्ही असं करतो:

१) गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर भरवसा नको, घोडी लावा.

२) हँडब्रेक सोडा. मागच्या प्लेटच्या भोकातून ॲडजस्टर सैल करा. झिजून ड्रमच्या आत कडा तयार होते, लायनर तिथेच अडकतात.

३) ड्रम धरणारा छोटा स्क्रू असेल तर काढा. हबभोवती गंज सोडवणारं तेल थोडंच मारा, तासभर थांबा. लायनरला तेल लागू देऊ नका.

४) स्टडांमधल्या सपाट भागावर हातोडीने गोल फिरत ठोका.

५) बऱ्याच ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत मापाचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ड्रम सुटतो.

आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसा. ड्रमवर कोरलेल्या कमाल मापापेक्षा आतला व्यास वाढला असेल तर ड्रम बदलाच. भरलेली गाडी उतारावर थांबायला हवी ना?

पुढच्या बंदीत गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढून ठेवू नका.