सभा भरली, मुलं वाचू लागली का?

मागच्या भागात आपण देखरेखीचा विचार केला. ठरलेलं काम ठरल्या वेळी, ठरलेल्या पैशांत होतंय का, हे पाहणं म्हणजे देखरेख. स्वयंसेवी संस्थांचे तिमाही अहवाल बहुतांशी याच प्रश्नाचं उत्तर देतात: किती प्रशिक्षणं झाली, किती महिला हजर होत्या, किती पुस्तकं वाटली. हे आकडे हवेतच. मात्र ते काम झाल्याचा पुरावा देतात. त्या कामाने लोकांच्या आयुष्यात काही बदललं का, हे त्यांतून कळत नाही. ते शोधणं म्हणजे मूल्यमापन. माझं म्हणणं असं, की ज्या मूल्यमापनातून ‘फरक पडला नाही’ असं उत्तर येण्याची वाटच मोकळी नाही, त्याला मूल्यमापन म्हणू नये.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याचं उदाहरण घेऊ. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने तिथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांबरोबर २८० गावांत एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावांची विभागणी झाली. काही गावांत बैठका घेऊन लोकांना ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावले. काही गावांत त्याच्या जोडीला मुलांची वाचनचाचणी कशी घ्यायची, हे गावकऱ्यांना शिकवलं. तिसऱ्या गटातल्या गावांत या दोन्हींखेरीज स्थानिक तरुणांना शाळेबाहेर वाचनवर्ग चालवायला तयार केलं. उरलेल्या गावांत काहीच केलं नाही. बैठका झाल्या, लोक आले, चर्चाही रंगल्या. नुसत्या देखरेखीच्या तक्त्यावर हा प्रकल्प उत्तम ठरला असता. पण शेवटी मोजमाप झालं तेव्हा पहिल्या दोन गटांत समित्या जागच्या हलल्या नव्हत्या आणि मुलांचं वाचन काहीही न केलेल्या गावांइतकंच होतं. तिसऱ्या गटात वाचनवर्गांना आलेल्या मुलांची प्रगती ठळक होती. फक्त अशी मुलं गावातल्या एकूण मुलांच्या दहा टक्क्यांहूनही कमी होती. म्हणजे शिकवण्याची पद्धत चांगली होती, पण ती मुलांपर्यंत पोचत नव्हती. प्रयोगाच्या निकालाशेजारी हजेरीचा साधा आकडा ठेवल्यावरच हे कळलं. पुढे संस्थेने हीच पद्धत सरकारी शाळेच्या वेळापत्रकात नेण्याचे वेगवेगळे मार्ग तपासले. हरियाणात वाचनाच्या पातळीनुसार मुलांचे गट करून त्यांना रोज वेगळा तास दिला, तेव्हा भाषेत फरक दिसला. जौनपूरचं नकारार्थी उत्तर दडपलं असतं, तर पुढचे हे मार्ग शोधायची गरजच कुणाला वाटली नसती.

इथे रास्त आक्षेप येतो: तुलनेसाठी काही मुलांना मदतीपासून दूर ठेवणं न्याय्य आहे का? याच संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात त्याला चांगलं उत्तर मिळालं. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवी. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात हा उपक्रम तपासताना प्रत्येक शाळेला बालसखी दिली. काही शाळांत एका इयत्तेला, इतर शाळांत दुसऱ्या इयत्तेला. कुठलीच शाळा वंचित राहिली नाही आणि तुलनाही झाली. तुलना टाळून चालत नाही, कारण वर्षभरात मूल तसंही काहीतरी शिकतंच. ‘आधी आणि नंतर’ एवढंच पाहणारी संस्था त्या नैसर्गिक वाढीचं श्रेय स्वतःकडे घेते. बालसखीचा लाभ खरा निघाला. मात्र उपक्रम संपून वर्ष झाल्यावर त्यातला बराचसा ओसरला होता.

म्हणूनच कंपन्यांच्या सामाजिक दायित्वासंबंधी २०२१ मध्ये आलेला बदल मला अर्धा स्वागतार्ह वाटतो. ज्या कंपन्यांवर या खर्चाची सरासरी दहा कोटी किंवा त्याहून अधिक जबाबदारी आहे, त्यांनी एक कोटी व त्यावरच्या प्रकल्पांचा परिणाम स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यायचा, तोही प्रकल्प संपून किमान वर्ष झाल्यावर. वर्षाची अट शहाणपणाची आहे. पण परिणाम कशाच्या तुलनेत मोजायचा, याचा आग्रह नियमात नाही. त्यामुळे लाभार्थींच्या मुलाखती आणि छायाचित्रांवर अहवाल उरकता येतो.

लहान संस्था म्हणतील, आम्हाला असले प्रयोग परवडत नाहीत. खरंय, आणि प्रत्येकीने ते करूही नयेत. गोवराच्या लसीची परिणामकारकता प्रत्येक आरोग्य केंद्राने नव्याने सिद्ध करायची नसते. लस थंड राहिली का आणि बाळापर्यंत पोचली का, एवढं केंद्राने पाहायचं. तसंच, सिद्ध झालेली पद्धत वापरणाऱ्या संस्थेने कोण आलं, कोण गळालं, का गळालं, याची चोख नोंद ठेवली तरी पुष्कळ झालं. हक्कांसाठी लोकांना संघटित करणाऱ्यांची अडचण याहून अवघड आहे. ग्रामसभेत बाई पहिल्यांदा बोलली, हे वाचनचाचणीसारखं मोजता येत नाही. तिथे संख्येचा हट्ट धरला तर संस्था जे मोजता येईल तेवढंच करू लागते, आणि हे नुकसान मोठं आहे. तरीही कोणता बदल घडला तर आपण यश मानू आणि काय दिसलं तर वाट बदलू, हे आधी लिहून ठेवणं त्यांनाही शक्य आहे. त्यासाठी देणगीदाराने मात्र अपयशाच्या अहवालानंतरही पुढचा हप्ता थांबवता कामा नये. तशी हमी करारात कशी घालायची, हे पुढच्या आठवड्यात पाहू.