उत्तर कोणत्या आवृत्तीचे?

ग्रंथाला जशा आवृत्त्या असतात, तशा त्या संगणकाच्या प्रणालीलाही असतात. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे 1907 साली मंगळुरास व 1956 साली देवनागरी लिपीत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ‘अमुक पानावर पाहा’ असे सांगणाऱ्याने आवृत्ती सांगितली नाही, तर ऐकणारा भलतेच पान उघडतो.

संगणकाच्या बाबतीत हीच चूक अधिक महाग पडते. एकच शंका घ्या : ‘मराठी अक्षरे नीट का उमटत नाहीत?’ 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपी प्रणालीत भारतीय लिप्यांची सोय मुळात बंद असे. ती चालू केल्यावाचून जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडे. उपाय असा की, भाषाविषयक मांडणीत जाऊन ती सोय निवडावी व मूळ तबकडी घालून लागणाऱ्या फायली उतरवून घ्याव्यात. 2007 साली आलेल्या व्हिस्टापासून ही सोय अंगचीच झाली. तबकडीचे कारण उरले नाही. 2019 सालच्या मे महिन्यातील सुधारणेने विंडोज 10 मध्ये रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटविणारा मराठी कळफलकही आला. प्रश्न एकच, उत्तरे मात्र तीन, आणि तिन्ही आपापल्या जागी खरी.

मग जुने उत्तर खोडून टाकावे काय? तसे करणे योग्य नव्हे. एक्सपीची देखभाल कंपनीने 8 एप्रिल 2014 रोजी थांबविली, म्हणून त्या प्रणालीवरील यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत. ज्याच्या घरी जुने यंत्र आहे, त्याला जुनेच उत्तर हवे असते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्या मालाची जी जागा, तेथेच तो मांडलेला असतो; म्हणून नवखे गिऱ्हाईकही चुकत नाही. शाळेत वा वाचनालयात शंकांची वही ठेवावयाची, तर तिलाही हीच शिस्त हवी. एका शंकेला एकच पान द्यावे; त्याखाली आवृत्तीवार उत्तरे मांडावीत, नवे वर व जुने खाली. प्रत्येक उत्तरापुढे ते कोणत्या आवृत्तीवर व कोणत्या तारखेस करून पाहिले, हे लिहावे. विचारणाऱ्याने आधी आपली आवृत्ती सांगावी. ती शोधणे अवघड नाही. विंडोजची खूण असलेली कळ व ‘आर’ ही कळ एकदम दाबावी, येणाऱ्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा रोमन अक्षरे टंकून एंटर कळ दाबावी; आवृत्ती समोर दिसते.

एवढा खटाटोप कशासाठी? गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले व सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. पेडण्याचा वा डिचोलीचा एखादा वृद्ध गृहस्थ आपला अर्ज मराठीत टंकावयास बसतो. त्याला दुसऱ्याच आवृत्तीचे उत्तर मिळाले, तर दोन-तीनदा हात पोळल्यावर तो समजतो की, संगणकावर मराठी लिहिताच येत नाही. मग तो अर्ज परक्या भाषेत दुसऱ्याकडून लिहून घेतो. वास्तविक दोष त्याचा नसतो, मराठीचाही नसतो. उत्तरावर आवृत्तीचा एक शब्द लिहावयाचा राहून गेलेला असतो.