फोनचे कव्हर काय करते?

मानोऱ्यात आमच्या घरी शहाबादी फरशी आहे. तिच्यावर माझे दोन फोन पडले. पहिला उघडाच होता. त्याची काच तडकली. दुसऱ्याला मऊ रबरी कव्हर होते. तो सुखरूप राहिला. पण दोन अनुभवांवरून नियम ठरत नाही. म्हणून थोडा हिशेब करू.

२०० ग्रॅमचा फोन १ मीटरवरून पडला, तर जमिनीवर आदळताना त्याची गतिज ऊर्जा सुमारे २ ज्यूल असते. ती खर्ची पडल्याशिवाय फोन थांबत नाही. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. समजा, उघडा फोन अर्ध्या मिलिमीटरात थांबला. त्यावर सरासरी ४००० न्यूटन बल येईल. कव्हर दबल्यामुळे हेच अंतर २ मिलिमीटर झाले, तर बल १००० न्यूटनच राहील. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, तो याचसाठी.

मात्र रबर उष्णतेचे दुर्वाहक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा वेळी चार्जिंगला लावलेला फोन फार तापतो. ऑपरेटिंग सिस्टिम अँड्रॉइड असो वा आयओएस, ती मग फोनचा वेग कमी करते, प्रसंगी चार्जिंगही थांबवते. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून उन्हाळ्यात मी कव्हर काढून, सावलीतच फोन चार्ज करतो.

आता तुम्हीच सांगा: कव्हर मऊ असावे की कडक? आणि का?