जुन्या मोटारींची तेजी
आमच्या आदिलाबादेत कापूस तेजीत आला की पुढील हंगामी पेरा वाढतो आणि भाव उतरतो. हे पेढीवरचा पोरही जाणतो. इटलीच्या फेरारी २५० जीटीओ या शर्यतीच्या मोटारीचा पेरा मात्र वाढत नाही. १९६२ ते १९६४ या काळात त्या अवघ्या ३६ निघाल्या. २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात त्यांपैकी एकीस ४ कोटी ८४ लक्ष डॉलर आले! आपल्या समाजातील शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास इटलीचीच फियाट घडविली. परंतु ती गावोगाव पोहोचली, तिला असा भाव कोठून येणार? तथापि ज्या धनास व्याज नाही, राखणावळ मात्र नित्य, ते आम्हांस भांडवल न वाटता परिग्रहच वाटते. शिवाय १९८९-९० ची तेजी ओसरताच हेच भाव कोसळले होते, आणि मोटारी तेव्हाही तेवढ्याच होत्या.