‘करमाझव’चा वाटाड्या

दस्तयेवस्कीची ‘द ब्रदर्स करमाझव’ १८७९-८० मध्ये मासिकातून क्रमशः आली. बारा भाग, शिवाय उपसंहार. व्हिक्टर टेरास यांच्या ‘अ करमाझव कम्पॅनियन’मध्ये (१९८१) आधी कादंबरीच्या घडणीची चर्चा आहे, मग मजकुराच्या क्रमाने टिपा. नवखा वाचक मात्र बहुधा नावांवरच अडखळतो: दिमित्री म्हणजेच मीत्या, अलेक्सेई म्हणजेच अल्योशा! पाचव्या भागातल्या इव्हान या भावाच्या बंडखोर युक्तिवादाला सहाव्या भागातला वृद्ध साधू झोसिमा हे उत्तर आहे, असे दस्तयेवस्कीने पत्रांतून सांगितले होते. हे ठाऊक नसेल तर सहावा भाग प्रवचन समजून भराभर उलटला जातो. आमच्या मते आधी प्रकरण वाचावे, टिपा मागाहून. सुरुवातीची चर्चा तर अगदी शेवटी. कादंबरीतला खुनी कोण, हे तिथे कळून जाते.