रंगावरून जात ठरत नाही

पावसाने जम बसवला, की नागपूरच्या भोवतीच्या सागवानी जंगलात कुजत्या पाचोळ्यावर नखाएवढ्या छत्र्या उगवतात. काही गर्द गुलाबी, काही नारिंगी, काही तपकिरी; देठ मात्र काळा, चिवट आणि दोऱ्याइतका बारीक. मोबाइलवरचं अ‍ॅप गुलाबी छत्रीला क्षणात ‘मरास्मियस हिमॅटोसेफॅलस’ म्हणतं. यातलं पहिलं नाव, म्हणजे प्रजाती, बहुधा बरोबर असतं. उन्हात सुकून आकसलेली छत्री पाणी मिळताच पुन्हा उमलते, आणि हीच खूण एलियास फ्राइस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या प्रजातीसाठी महत्त्वाची मानली होती. दुसरं नाव, म्हणजे जात, केवळ फोटोवरून मान्य करू नये, असं माझं ठाम मत आहे.

हिमॅटोसेफॅलस ही जात 1837 मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर मोंतान्य यांनी ब्राझीलच्या नमुन्यावरून वर्णिली आणि पुढच्याच वर्षी फ्राइसने ती मरास्मियसमध्ये घेतली. नंतर उष्ण कटिबंधात कुठेही लाल-गुलाबी छत्री दिसली, की तिला हेच नाव मिळत गेलं. पण ओली छत्री गडद दिसते, उन्हात फिकटते आणि वाळवल्यावर मूळ छटा उरेलच असं नाही. खरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो: टोपीच्या सालीतल्या, डोक्यावर झाडूसारखे फुटवे असलेल्या पेशी, खालच्या पट्ट्यांच्या बाजूवरच्या वेगळ्या पेशी आणि बीजाणूंची लांबी. तरीही पेच संपत नाही. नारिंगी ‘सिक्कस’ आणि गुलाबी ‘हिमॅटोसेफॅलस’ यांची ही सूक्ष्म लक्षणंसुद्धा बरीच जुळतात, म्हणून ताज्या छत्रीचा रंग टिपून ठेवावाच लागतो. तो पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही.

मग डीएनए तपासा, असं कुणी म्हणेल. तपासावाच, थायलंड-मलेशियातल्या 2009 च्या अभ्यासांनी या प्रजातीची मांडणी त्याच आधारावर पुढे नेली. पण डीएनएचा क्रम ज्या साठ्याशी ताडून पाहायचा, त्यातलं नावच चुकीचं असेल, तर यंत्र तीच चूक परत हातात ठेवतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विदर्भातल्या बायका वारुळाजवळ उगवणाऱ्या ‘सात्या’ छत्र्या नजरेनेच ओळखतात, त्यांना कुठे सूक्ष्मदर्शक लागतो? त्यांचं ज्ञान पक्कं आहे. मात्र त्यांच्या नजरेत निव्वळ रंग नसतो. वारुळाची जागा, पावसाची वेळ, जमिनीत खोल गेलेला देठ, हे सगळं असतं. मरास्मियसच्या बाबतीत आपण नेमकं तेच सोडून देतो आणि फक्त टोपीचा फोटो काढतो.

एवढ्याशा, ताटात न येणाऱ्या छत्रीसाठी इतका खटाटोप का? कारण पानातलं चिवट लिग्निन कुजवून जंगलाची माती घडवणाऱ्यांत ही मंडळी आहेत. कोणती जात कोणत्या पानावर वाढते, हे नावांच्या घोळात कळणार नाही. म्हणून फोटोबरोबर पान कशाचं, तारीख आणि ताजा रंग लिहावा, छत्री मंद उष्णतेवर वाळवून कागदी पाकिटात ठेवावी आणि नोंद ‘मरास्मियस, जात अनिश्चित’ अशी करावी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवकसंग्रह आहे. 1980 मध्ये साठे आणि सहकाऱ्यांचा नैऋत्य भारतातल्या छत्र्यांवरचा ग्रंथही तिथूनच निघाला. वाळवलेला नमुना अशा संग्रहात असेल, तर आज अर्धवट राहिलेली ओळख पुढचा अभ्यासक पूर्ण करू शकतो. नुसत्या फोटोतून त्याला बीजाणू मोजता येणार नाहीत.